शब्दांचे सोबती : इंग्रजींतील ‘वर्क’ आणि ‘यूज’

नोकरीसाठीं अर्ज लिहिणारा एखादा मराठी तरुण पहिल्या परिच्छेदांत आपलें शिक्षण सांगतो, दुसऱ्यांत अनुभव सांगतो, आणि शेवटीं आपल्या मेहनती स्वभावाची ग्वाही देण्याकरितां एक वाक्य घालतो : ‘आय यूज्ड टु वर्क हार्ड.’ त्याच्या मनांतला अर्थ असा कीं, कष्ट करण्याची मला सवय आहे. वाक्यांत व्याकरणाची चूक नाहीं. प्रत्येक शब्द शुद्ध आहे आणि आपल्या जागीं आहे. परंतु इंग्रजी चांगलें जाणणारा मनुष्य त्या वाक्याचा अर्थ घेतो तो असा : ‘पूर्वीं मी कष्ट करीत असें.’ आतां करीत नाहीं, हेंहि तो ओघानेंच समजतो. ज्या वाक्यानें अर्जदाराची शिफारस व्हावयाची, त्याच वाक्यानें तो स्वतःविरुद्ध साक्ष देऊन बसतो. आणि आपण अशी साक्ष दिली आहे याची त्याला दाददेखील नसते.

अशा चुका व्याकरणाच्या पुस्तकांत सांपडत नाहींत, कारण त्या व्याकरणाच्या नसतातच. लिंग, वचन, काळ, प्रयोग हें सर्व मुखोद्गत असलेला विद्यार्थीहि या ठिकाणीं अडखळतो. भाषेंत शब्द एकएकटे राहत नाहींत. अमक्या नामाबरोबर अमकेंच क्रियापद यावयाचें, अमक्या क्रियापदामागून अमकेंच अव्यय यावयाचें, असा रिवाज प्रत्येक भाषेंत पडून गेलेला असतो. इंग्रजींत या रिवाजाला ‘कोलोकेशन’ म्हणतात. मराठींत त्याला शब्दांचें साहचर्य म्हणतां येईल.

या साहचर्याच्या पद्धतशीर अभ्यासाचा एक मोठा पाया इंग्लंडांत न घातला जातां जपानांत घातला गेला, ही गोष्ट बोधप्रद आहे. हॅरल्ड पामर हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२२ सालीं जपानांत गेले. इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी एक संस्था १९२३ सालीं टोकियोंत निघाली, तिचे ते प्रमुख होते. जपानी मुलें शब्द जाणतात, व्याकरण जाणतात, तरीहि त्यांचें इंग्रजी इंग्रजी वाटत नाहीं, याचें कारण शोधतां शोधतां पामर शब्दांच्या जोड्यांपाशीं येऊन पोंचले, आणि १९३३ सालीं त्यांनीं या जोड्यांवर एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांनीं तीच दृष्टि ठेवून परकीय विद्यार्थ्यांसाठीं एक कोश रचला. तो ऐन महायुद्धांत, १९४२ सालीं, टोकियोंतच छापला गेला, आणि १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो नव्या नांवानें जगापुढें आणला. पुढें भाषाशास्त्रांत या कल्पनेला मानाचें स्थान मिळवून देणारे लंडनचे प्राध्यापक फर्थ यांनींहि आपल्या उमेदीचीं वर्षें लाहोरास पंजाब विद्यापीठांत इंग्रजी शिकविण्यांत घालविलीं होतीं. हा योगायोग खास नव्हे. ज्याच्या कानांवर एखादी भाषा पाळण्यांतल्यापासून पडते, त्याला तिचा रिवाज दिसतच नाहीं. दारांत उभ्या असलेल्या पाहुण्यालाच घरची रीत चटकन् डोळ्यांत भरते.

मराठी माणसाला या रिवाजाची कल्पना यावी म्हणून त्यानें प्रथम स्वतःच्याच भाषेकडे पाहावें. मराठींत मार ‘खातात’, गोते ‘खातात’, कच ‘खातात’. हांक ‘मारतात’, गप्पा ‘मारतात’, पैजहि ‘मारतात’. या ठिकाणीं खाण्याचा किंवा मारण्याचा मूळ अर्थ मुळींच उरलेला नाहीं. ‘काम’ हाच शब्द घेतला तर त्याचा परिवार केवढा मोठा! मनुष्य कामाला लागतो, कामाला जुंपला जातो, काम उरकतो, काम अंगावर घेतो. छत्री कामांतून गेली म्हणजे ती निरुपयोगी झाली. आणि बखरींत एखादा सरदार लढाईंत ‘कामास आला’ असें वाक्य आलें, म्हणजे तो उपयोगी पडला असा त्याचा अर्थ नसून तो रणांत पडला असा असतो. मराठी शिकणाऱ्या परकीयानें ‘काम’ आणि ‘येणें’ हे दोन्ही शब्द कोशांत कितीहि वेळां पाहिले, तरी त्यांत त्याला मृत्यु कोठेंच भेटणार नाहीं. ज्या अडचणींत हा परकीय सांपडतो, त्याच अडचणींत इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी दररोज सांपडत असतो.

‘करणें’ हें मराठीचें सर्वांत उदार क्रियापद आहे. काम करणें, उपयोग करणें, प्रयत्न करणें, चूक करणें, उपकार करणें, व्यवस्था करणें, या सर्वांना तें एकटें पुरतें. इंग्रजींत हेंच घर विभक्त झालेलें आहे, आणि ‘डू’ व ‘मेक’ हे दोन भाऊ तेथें वेगळे राहतात. काम, कर्तव्य आणि उपकार हीं ‘डू’च्या वांट्याला आलेलीं आहेत : ‘टु डू वर्क’, ‘टु डू वन्स ड्यूटी’, ‘टु डू ए फेव्हर’. उपयोग, प्रयत्न आणि चूक हीं ‘मेक’कडे गेलेलीं आहेत : ‘टु मेक यूज ऑफ’, ‘टु मेक ॲन एफर्ट’, ‘टु मेक ए मिस्टेक’. शाळेंत सांगतात कीं, जेथें कृतीनें नवीन वस्तु निर्माण होते तेथें ‘मेक’, आणि जेथें नुसतीच कृति असते तेथें ‘डू’. सुतार खुर्ची ‘मेक’ करतो, मुलगा गृहपाठ ‘डू’ करतो, येथवर हा नियम चालतो. परंतु उपयोग केल्यानें कोणती नवी वस्तु निर्माण होते, याचें उत्तर त्या नियमापाशीं नाहीं. उत्तर एवढेंच कीं, वांटणी तशी झालेली आहे. ‘डू यूज ऑफ’ म्हटलें तर ऐकणारा हंसतो. ‘मेक वर्क’ म्हटलें तर तो हंसत नाहीं, पण भलताच अर्थ घेतो. कारण ‘टु मेक वर्क फॉर समवन’ म्हणजे एखाद्याचें काम वाढवून ठेवणें.

आतां ‘वर्क’ या शब्दाकडे वळावें. हा इंग्रजीच्या जुन्या घरच्या पुंजींतला शब्द आहे. जर्मन व डच या भाषांत त्याचीं भावंडें आहेत, आणि ग्रीकमधील ‘एर्गॉन’ हा त्याचा दूरचा नातेवाईक; ‘एनर्जी’ या शब्दांत तोच दडलेला आहे. ‘वर्क’चें भूतकाळचें जुनें रूप ‘रॉट’ असें होतें. तें व्यवहारांतून गेलें, तरी ‘रॉट आयर्न’ म्हणजे घडीव लोखंड या जोडींत अजून जिवंत आहे. चाकें करणारा तो ‘व्हीलराइट’ आणि नाटक रचणारा तो ‘प्लेराइट’, यांतील ‘राइट’ हा अवयवहि त्याच कुळांतला. लिहिणें या अर्थाच्या ‘राइट’शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, केवळ उच्चार सारखा आहे. मराठी माणसाला हें लक्षांत ठेवणें अवघड जाऊं नये, कारण ‘नाटककार’ या शब्दांतील ‘कार’ हाहि लिहिणारा नसून करणाराच आहे.

‘वर्क’ हें क्रियापद मनुष्यापुरतें मर्यादित नाहीं. इंग्रजींत घड्याळ ‘वर्क’ करतें, दिवा ‘वर्क’ करतो, औषध ‘वर्क’ करतें, युक्ति आणि योजनाहि ‘वर्क’ करतात. मराठीनें मात्र येथें प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणें वेगळें क्रियापद दिलेलें आहे. घड्याळ चालतें, दिवा लागतो, औषध लागू पडतें, युक्ति साधते, योजना पार पडते. ‘करणें’च्या बाबतींत मराठी एक आणि इंग्रजी दोन; येथें इंग्रजी एक आणि मराठी पांच. म्हणून मराठींतून इंग्रजींत जातांना शाळकरी मुलगा चालणारें घड्याळ ‘वॉक’ करवितो. इंग्रजींत पायांनीं चालणारें तेवढेंच ‘वॉक’ करतें; घड्याळानें ‘वर्क’ करावें, ‘रन’ करावें, पण ‘वॉक’ करूं नये.

नाम म्हणून ‘वर्क’ वापरतांना आणखी एक खांचखळगा आहे. ‘आज मला बाजारांत दोन कामें आहेत’ हें मराठी वाक्य अगदीं निर्दोष आहे, परंतु त्याचें ‘आय हॅव टू वर्क्स’ असें भाषांतर केलें तर इंग्रज बुचकळ्यांत पडतो. काम या अर्थी इंग्रजी ‘वर्क’ मोजतां येत नाहीं. पाण्याप्रमाणें तें थोडें किंवा फार असतें, एक किंवा दोन नसतें. मोजतां येणारें ‘वर्क’ म्हणजे ग्रंथ, चित्र, शिल्प अशी कलाकृति. आणि ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना किंवा बांधकामेंहि होतात. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंग्रजी नांवांतील ‘वर्क्स’ तो हाच. तेव्हां ‘टू वर्क्स’ असलेल्या गृहस्थाला, तुमचे ते दोन ग्रंथ कोणते, असा प्रश्न आला तर त्यांत विचारणाऱ्याचा दोष नाहीं. बाजारांतल्या कामांसाठीं ‘टू जॉब्ज’ किंवा ‘टू थिंग्ज टु डू’ म्हणावें.

‘वर्क’च्या पाठीमागून येणारीं अव्ययें हा तर स्वतंत्र पाठच आहे. ज्याच्याकडे नोकरी असते त्याच्यापुढें ‘फॉर’, ज्याच्या हाताखालीं करावयाची त्याच्यापुढें ‘अंडर’, ज्या विषयावर परिश्रम चालू असतात त्याच्यापुढें ‘ऑन’. गणित ‘वर्क आउट’ होतें, म्हणजे सुटतें. व्यायामालाहि ‘वर्क आउट’च म्हणतात. भूक ‘वर्क अप’ करतात, म्हणजे हिंडून फिरून वाढवितात. मनुष्य ‘वर्क्ड अप’ झाला म्हणजे तो संतापला किंवा क्षुब्ध झाला. कर्ज अंगमेहनतीनें ‘वर्क ऑफ’ करतात, म्हणजे राबून फेडतात. ‘टु मेक शॉर्ट वर्क ऑफ’ म्हणजे थोडकें काम करणें नव्हे; मराठींत ज्याला फडशा पाडणें म्हणतात तें.

एका अक्षराच्या फरकानेंहि घोटाळा होतो. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो फार मेहनत करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम जवळजवळ करीतच नाहीं. ‘हार्ड’ला ‘ली’ लावून क्रियाविशेषण होत असेल, या समजुतीनें एखाद्या सद्गृहस्थानें शिफारसपत्रांत ‘हार्डली’ लिहिलें, तर ज्याच्या हितासाठीं तो लिहितो त्याचीच भाकरी हिरावली जाते. तसेंच ‘टु वर्क टु रूल’. शब्दशः पाहिलें तर ही शिस्तीची प्रशंसा वाटावी. वस्तुतः ती कामगारांच्या लढ्याची एक रीत आहे. नियमांतील प्रत्येक कलम अक्षरशः पाळावयाचें, नियमापलीकडे तसूभरहि कांहीं करावयाचें नाहीं, आणि अशा रीतीनें कामाचा वेग मंदावून मालकाला जाग आणावयाची. मराठी वृत्तपत्रांनीं तिला ‘नियमानुसार काम’ आंदोलन असें नांव दिलें. त्यांतील ‘आंदोलन’ हा शब्द जोडला म्हणूनच मराठी वाचकाचा गैरसमज टळला.

‘यूज’ची कुळकथा निराळी आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्यानंतर फ्रेंच भाषेच्या वाटेनें जे असंख्य शब्द इंग्रजींत शिरले त्यांतलाच हा एक. त्याचें मूळ लॅटिन. भांडें या अर्थाचा ‘युटेन्सिल’, नेहमींचा या अर्थाचा ‘युझुअल’, दुरुपयोग या अर्थाचा ‘अब्यूस’, आणि दुसऱ्याला पैसा वापरूं दिल्याबद्दल घेतलेलें जबर व्याज या अर्थाचा ‘युझरी’, हे सर्व त्याचेच आप्त. कानानें ऐकणाऱ्यांनीं येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. नाम असतांना या शब्दाचा अंत ‘स’नें होतो, म्हणजे उच्चार ‘यूस’. क्रियापद असतांना ‘झ’नें, म्हणजे ‘यूझ’. लिहिण्यांत दोन्ही एकच असल्यामुळें केवळ पुस्तकावरून शिकणाऱ्याला हा भेद कळत नाहीं.

नामाचे सोबती ठरलेले आहेत. वस्तूचा उपयोग करावयाचा तो ‘मेक’नें, पडून असलेली वस्तु उपयोगांत आणावयाची ती ‘पुट टु यूज’. एखादी चाल प्रचारांत येते ती ‘कम्स इन्टु यूज’ आणि प्रचारांतून जाते ती ‘गोज आउट ऑफ यूज’. पक्षघातानें हात लुळा पडला तर रोगी हाताचा ‘यूज’ ‘लूज’ करतो. हात गमावणें आणि हाताची शक्ति गमावणें यांतला भेद तेवढ्या एका शब्दानें राखला जातो.

मराठी ‘वापरणें’ आणि इंग्रजी ‘यूज’ हे अगदीं एकरूप आहेत, असा समज घरोघर आढळतो. पण तो पुरता खरा नाहीं. मराठींत मनुष्य खादी वापरतो, चष्मा वापरतो, धोतर वापरतो. इंग्रजींत जें अंगावर चढतें त्याला ‘वेअर’ हें क्रियापद राखून ठेवलेलें आहे. माणसाच्या बाबतींत तर ‘यूज’ जपूनच हाताळावा लागतो. ‘दे यूज्ड हिम’ म्हणजे त्याच्याकडून आपला स्वार्थ साधून घेतला. वडील माणसाच्या अनुभवाचा लाभ घ्यावा, असें सांगावयाचें असतांना ‘यूज हिम’ लिहिणें म्हणजे त्याचा अपमान करणें. तेथें ‘मेक यूज ऑफ हिज एक्स्पीरिअन्स’ असें लिहावें. मराठींतहि ‘त्याचा वापर करून घेतला’ या वाक्याला हीच नांगी आहे. माणसाच्या गुणाचा उपयोग करावा, माणसाचा करूं नये, हें तत्त्व दोन्ही भाषांनीं आपआपल्या परीनें सांभाळलें आहे.

आतां आरंभींच्या अर्जदाराचें कोडें सोडवितां येईल. ‘यूज्ड टु’ या एकाच पोशाखांत तीन निराळे इसम वावरतात. पहिला भूतकाळांतील रीत सांगतो : ‘ही यूज्ड टु वर्क इन बॉम्बे’, म्हणजे तो मुंबईंत काम करीत असे. मराठींत ‘करीत असे’ हें नेमकें याच अर्थाचें रूप तयार आहे, हें विद्यार्थ्याचें भाग्य. दुसरा सवय सांगतो. त्याच्यापूर्वीं ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ असतें आणि त्याच्यामागून नाम किंवा ‘इंग’ अंतीं असलेलें रूप येतें : ‘ही इज यूज्ड टु वर्किंग ॲट नाइट’, म्हणजे रात्रीं काम करणें त्याच्या अंगवळणीं पडलें आहे. या दोघांचा उच्चार ‘यूस्ट’ असा होतो. तिसरा केवळ वापरण्याचा कर्मणि प्रयोग. त्याचा उच्चार ‘यूझ्ड’ : ‘धिस नाइफ इज यूज्ड टु कट पेपर’, म्हणजे ही सुरी कागद कापण्याकडे वापरतात. अर्जदाराला दुसरा इसम हवा होता, त्यानें बोलावलें पहिल्याला. ‘आय ॲम यूज्ड टु वर्किंग हार्ड’ असें लिहिलें असतें तर काम झालें असतें.

हे मोजके शब्द सोपे करून टाकावे, असाहि एक प्रयत्न झालेला आहे. केंब्रिजचे ऑग्डन यांनीं १९३० सालीं ‘बेसिक इंग्लिश’ पुढें मांडलें. त्यांत सारे मिळून ८५० शब्द आणि क्रियापदें अवघीं १८. ‘वर्क’ आणि ‘यूज’ हे दोन्ही शब्द त्या यादींत आहेत, पण ते नामें म्हणून. क्रिया सांगावयाची ती ‘डू’, ‘मेक’, ‘पुट’, ‘गिव्ह’ अशा थोड्या क्रियापदांच्या जोडीनें. १९४३ सालीं चर्चिलसारख्या मुत्सद्द्यानेंहि या योजनेचा पुरस्कार केला. तरी ती लोकांत रुजली नाहीं. टीकाकारांनीं तेव्हांच दाखवून दिलें होतें कीं, शब्दांची संख्या कमी केली म्हणून भाषा सोपी होत नाहीं. शब्द वाचले, पण त्यांच्या जोड्या वाढल्या, आणि शिकणाऱ्याचा खरा भार जोड्यांचाच असतो.

हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या शुद्धतेचा नाहीं. जोड्यांचा रिवाज कळला नाहीं तर उलट दिशेनेंहि नुकसान होतें. मराठींत हल्लीं औषध ‘काम करतें’, युक्ति ‘काम करते’, यंत्र ‘काम करीत नाहीं’, असें सर्रास ऐकूं येतें. हें ‘वर्क’चें भाषांतर आहे. औषध लागू पडणें, गुण येणें, मात्रा चालणें, उतार पडणें, या प्रत्येक प्रयोगांत रोगाविषयींचें आणि रोग्याविषयींचें एक निराळें निरीक्षण सांठविलेलें आहे. एकाच ‘काम करणें’नें तीं सर्व पुसून टाकलीं, तर इंग्रजीला कांहीं मिळत नाहीं आणि मराठीचें मात्र जातें. इंग्रजीचा रिवाज नीट ओळखणारा मनुष्यच मराठीचा रिवाज नीट राखूं शकतो, कारण दोन घरांच्या रीती निराळ्या आहेत हें त्याला माहीत असतें.

मग उपाय कोणता? मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर वाढल्या. त्या पद्धतीचा गुण असा कीं, तींत शब्द वाक्यांतून भेटे आणि वाक्य दोन्ही दिशांनीं फिरवून पाहावें लागे. तोच गुण पुढें न्यावा. शब्दसंग्रहाच्या वहींत ‘यूज म्हणजे उपयोग’ अशी एकटी नोंद करूं नये. ‘मेक यूज ऑफ’, ‘पुट टु यूज’, ‘इट इज नो यूज क्राइंग’ अशी जोडीची नोंद करावी, आणि समोर मराठी शब्द न लिहितां मराठी वाक्य लिहावें. ‘इट इज नो यूज क्राइंग’च्या समोर ‘रडून कांहीं उपयोग नाहीं’ असें लिहिलें म्हणजे ‘नो यूज’मागें ‘क्राइंग’ येतें आणि मराठींत तेथें ‘रडून’ येतें, ही गोष्ट नियम न घोकतां मनांत ठसते. वाचतांना ओळखीचा शब्द आला म्हणून पुढें धांवूं नये. त्याच्या अलीकडे कोण आहे आणि पलीकडे कोण आहे, तें पाहावें. कोश घ्यावयाचा तो अर्थाबरोबर उदाहरणें देणारा घ्यावा. हॉर्नबींच्या परंपरेंतील कोश तसे आहेत, आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांत संगणकाच्या साह्यानें लक्षावधि शब्दांचा प्रत्यक्ष वापर तपासून १९८७ सालीं निघालेल्या कोशानें तर सर्व उदाहरणें खऱ्या लिखाणांतून आणि संभाषणांतूनच घेतलीं.

आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत बाळगावी. मुलानें ‘टू वर्क्स’ लिहिलें किंवा घड्याळाला ‘वॉक’ करायला लावलें, तर तो मंदबुद्धि ठरत नाहीं. त्यानें आपल्या भाषेची रीत प्रामाणिकपणें दुसऱ्या घरीं नेलेली असते, इतकेंच. त्याला रागें भरण्याऐवजीं त्या घरची रीत दाखवावी. अर्ज लिहिणाऱ्या त्या तरुणालाहि कष्टांची सवय खरोखरच होती. फक्त ती सांगण्यासाठीं लागणारें एक ‘ॲम’ त्याला वेळेवर कोणीं सांगितलेलें नव्हतें.